टाइम मशीनला किती एचपीची मोटार लागते?

प्रश्न : आमचा मुलगा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकतो. त्यानं हट्टानं आम्हाला 'बॅक टू द फ्युचर' हा 1985 चा इंग्रजी सिनेमा दाखवला. गाडीला दुसऱ्या काळात पाठवायला 1.21 गिगावॅट वीज लागते, आणि 1955 सालात अडकल्यावर ती आभाळातल्या विजेकडून घेतात. मुलगा म्हणतो, हिशोब बरोबर आहे. त्याचे वडील म्हणतात, थापा आहेत. खरं काय? — एक वाचक भगिनी, सेलू

ताई, तुमचं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं आणि त्या दिवशी मोटारी भरायचं काम राहिलंच. संध्याकाळी शटर अर्धं ओढून सगळ्यांनी सिनेमा बघितला. आमची दोन पोरं आणि शेजारचे निवृत्त लाइनमन मामा. मामांना इंग्रजी येत नाही, पण सगळ्यात जास्त चुका त्यांनीच काढल्या.

आधी आकडा. 1.21 गिगावॅट म्हणजे 1210 मेगावॅट, 121 कोटी वॅट. आमच्या परळीच्या औष्णिक केंद्रातले सहा, सात आणि आठ नंबरचे संच प्रत्येकी 250 मेगावॅटचे. तिन्ही पूर्ण क्षमतेनं चालले तरी 750. चार आणि पाच नंबरचे जुने 210 चे संच परत आणून जोडले तरी बेरीज 1170 वर थांबते. म्हणजे ती एक गाडी अख्ख्या परळीला आवरत नाही, आणि परळीला पाणी मिळालं तर हे! 2013 च्या दुष्काळात पाण्यावाचून केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. पोरानं लगेच मोबाइलवर भागाकार केला : पाच एचपीच्या सव्वातीन लाख मोटारी एकाच वेळी. मामा म्हणाले, "अन् डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, कितीची टाकायची रे?"

तर आभाळातली वीज तेवढी देईल का? देईल, बिनदिक्कत. साधारण विजेत 30 हजार अँपिअरच्या आसपास करंट असतो आणि दाब कोट्यवधी व्होल्टचा. त्या क्षणापुरते 1.21 गिगावॅट तिच्यापुढे किरकोळ आहेत. इथं तुमचा मुलगा जिंकला.

पण वॅट म्हणजे युनिट नव्हे, आणि बिल युनिटवर येतं. वॅट हा वेग झाला. 1.21 गिगावॅट एक सेकंदभर दिले तर होतात 336 युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचं तीन महिन्यांचं बिल, बस्स. काळ ओलांडायला एवढं स्वस्त असेल तर हप्त्यानं गाडी घ्यायला हरकत नाही! विजेचा मुख्य झटका मात्र सेकंदाच्या दहा हजाराव्या भागातच सरतो. म्हणून त्या गाडीत कपॅसिटर आहे हे मला पटलं. सिनेमातला काय करतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, पण झटक्यात भरून घ्यायचं आणि झटक्यात सोडायचं काम कपॅसिटरचंच. पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा असो की आणखी कुठला.

आता माझी खरी तक्रार घड्याळावर आहे. रात्री 10 वाजून 4 मिनिटांनी गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज पडली, हे त्यांना त्यावरच्या बंद पडलेल्या घड्याळावरून माहीत. पण ते घड्याळ मिनिट दाखवतं, सेकंद नाही. गाडी ताशी 88 मैलांनी, म्हणजे 142 किलोमीटरनी येते. त्या वेगानं मिनिटाला 2 किलोमीटर 360 मीटर जातात. वीज कधीही त्या साठ सेकंदांत पडणार आणि गाडीवरचा हूक मनोऱ्यावरून खाली आणलेल्या तारेला लागणार सेकंदाच्या एखाद्या शंभराव्या भागापुरता. हे जुळलं तर ते विज्ञान नाही, नशीब आहे. लॉटरीचं तिकीट घेतलं असतं तरी चाललं असतं.

मामांचा आक्षेप वेगळा. तार रस्त्यावर दिव्याच्या दोन खांबांच्या मधे ताणलेली आहे. "इन्सुलेटर कुठाय?" असं म्हणून त्यांनी सिनेमा तीनदा थांबवायला लावला. लोखंडी खांब जमिनीत गाडलेला, म्हणजे अर्थिंग आयतंच. वीज मनोऱ्यावरून खाली येईल, खांब दिसला की उडी मारून जमिनीत जाईल. गाडीपर्यंत कशाला येते? तार बारीक आहे म्हणून जळेल असं पोरं म्हणत होती, ते मात्र खरं नाही. झटका इतका छोटा असतो की तांब्याची बेताची तारही बऱ्याचदा टिकून जाते. तरी आपण इमारतीला तडितरक्षक लावतो तेव्हा 25 बाय 3 मिलिमीटरची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी खाली आणतो, ती उगाच नाही. प्रत्येक वीज सरासरीची नसते.

आणि ती गाडी बनवणारा तो म्हातारा शास्त्रज्ञ! वीज पडत असताना तारेचे दोन प्लग हातानं जोडतो आणि नंतर रस्त्यात नाचतो. आमच्याकडे लाइन बंद केल्याशिवाय, अर्थिंगची साखळी टाकल्याशिवाय 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या, खांबाला हात लावला तर मामा कानाखाली द्यायचे.

प्रश्न : मग पावसाळ्यात पडणारी वीज साठवून शेतातली मोटार चालवता येईल का? — एक शेतकरी, गंगाखेड

भाऊ, एका विजेची सगळी ऊर्जा धरली तरी साधारण 280 युनिट. त्यातली बरीचशी हवा तापवण्यात आणि कडकडाटात जाते. सगळी मिळाली असं धरा, पाच एचपीची मोटार 75 तास चालेल. मग पुढची वीज तुमच्याच रानात कधी पडणार याची वाट बघत आखाड्यावर बसा. त्यापेक्षा सौर पॅनल परवडतं.

प्रश्न : गाडीतल्या मुलाला शॉक का लागला नाही? — नववीचा विद्यार्थी, अंबाजोगाई

टायर रबरचे म्हणून नाही रे बाळा. हजारो फूट हवा फोडून आलेल्या विजेला टायर म्हणजे काहीच नाही. धातूच्या बंद टपाच्या गाडीत करंट बाहेरच्या पत्र्यावरून वाहून जमिनीत उतरतो आणि आतला माणूस वाचतो. सिनेमातल्या डेलोरियनला बाहेरून स्टेनलेस स्टीलचे पत्रे आहेत, पण आतला सांगाडा फायबरग्लासचा. त्यात पोरानं विजेचं कनेक्शन स्वतःच मशीनला दिलंय, तेव्हा मी असतो तर काचा लावून, हात मांडीवर ठेवून बसलो असतो. तुझे वडील मोटारसायकलवर शाळेत सोडत असतील आणि वर कडाडायला लागलं, तर हे काहीच लागू नाही. झाड सोडून जवळच्या पक्क्या घरात शिरायचं, दप्तर भिजलं तर भिजू दे.