वाचकांचे प्रश्न : स्पॅनिशमधलं ‘जायचो’, ‘होतो’ आणि ‘बघायचो’

प्रश्न : स्पॅनिशच्या अपूर्ण भूतकाळात तीनच क्रियापदं अनियमित आहेत असं वाचलं. वर्तमानकाळात पानोपानी अपवाद असताना हे पटत नाही.

उत्तर : तीनच आहेत. सेर (असणं), इर (जाणं) आणि बेर (बघणं). वर्तमानकाळात छळणारी तेनेर (जवळ असणं), आसेर (करणं), देसीर (सांगणं), पोदेर (शकणं) ही मंडळी इथे निमूट वागतात : तेनीआ, आसीआ, देसीआ, पोदीआ. ‘पोदेर’चं ‘प्वेदो’ करणारी स्वरांची उलथापालथही इथे होत नाही. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘आबा’, ‘एर’ आणि ‘इर’ने संपणाऱ्यांना ‘ईआ’, एवढा एकच नियम.

अपवादांची रूपं मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने अशी :

सेर : एरा, एरास, एरा, एरामोस, एराइस, एरान.
इर : ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान.
बेर : बेईआ, बेईआस, बेईआ, बेईआमोस, बेईआइस, बेईआन.

पाचवं रूप स्पेनमध्ये लागतं. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’साठी सहावंच रूप वापरतात, त्यामुळे तिकडचं स्पॅनिश शिकत असाल तर पाचवं ओळखता आलं तरी पुरे.

‘एरा’ आणि ‘ईबा’ थेट लॅटिनमधून आलेत, ते पाठच करावे लागतात. ‘बेर’ला मात्र अनियमित म्हणणं जरा अन्यायाचंच आहे. त्याचं जुनं रूप ‘बेएर’ होतं. त्यातला एक ‘ए’ मूळ रूपातून गळला, पण भूतकाळात टिकून राहिला. म्हणून ‘मी बघतो’ या अर्थाचं ‘बेओ’ घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा आणि ‘ईआ’ जोडा. नियमाने जाऊन ‘बीआ’ केलंत तर तो वेगळाच शब्द होतो : मार्ग किंवा रेल्वेचा रूळ. ‘आधी ओळखणं’ या अर्थाचं ‘प्रेबेर’ही असंच चालतं : प्रेबेईआ.

प्रश्न : ‘लहानपणी दर रविवारी आजीकडे जायचो’ याचं भाषांतर करताना मी ‘फुई’ लिहिलं, ते चूक ठरलं. ‘फुई’ म्हणजेही ‘गेलो’च ना?

उत्तर : ‘फुई’ म्हणजे ‘गेलो’, ‘जायचो’ नव्हे. हा फरक मराठीत आधीच आहे आणि त्याचा फायदा घ्यायला हवा. आपला रीती भूतकाळ (‘जात असे’, ‘जायचो’) आणि अपूर्ण भूतकाळ (‘जात होतो’) या दोन्हींसाठी स्पॅनिशमध्ये एकच रूप, ‘ईबा’. तुमचं वाक्य असं होईल : ‘क्वान्दो एरा नीन्यो, ईबा आ कासा दे मी आब्वेला तोदोस लोस दोमींगोस.’

एका शब्दाने किती बदलतं, ते पाहा. ‘ईबा आ ला एस्तासिओन क्वान्दो बी आ मार्ता’ म्हणजे स्टेशनकडे चाललो होतो, तेवढ्यात मार्ता दिसली. ‘ईबा’च्या जागी ‘फुई’ ठेवलं की अर्थ होतो : मार्ता दिसली, तेव्हा स्टेशनला गेलो. आधी रस्त्यातच होतात, आता ती दिसल्यावर निघालात. आणि ‘बी’च्या जागी ‘बेईआ’ आणलं तर ‘दिसली’चं ‘दिसायची’ होतं, एका प्रसंगाची सवय बनते.

पण मराठीवर डोळे झाकून विसंबू नका. ‘मी तिथे दोन वर्षं राहत होतो’ हे आपल्याला अपूर्ण वाटतं. स्पॅनिश माणूस मात्र ती दोन वर्षं संपलेली, मोजून झालेली धरतो आणि ‘बीबी आयी दोस आन्योस’ म्हणतो. ‘वर्षभर रोज पोहायला जायचो’ यातही ‘रोज’ असूनसुद्धा ‘फुई’च येतं, कारण ‘वर्षभर’ने हद्द आखली. वाक्यात ‘इतके दिवस’, ‘इतक्या वेळा’ असं माप दिसलं, की ‘ईबा’ लिहिण्याआधी थांबा.

‘ईबा आ’ आणि पुढे मूळ क्रियापद ही रचना मात्र आपल्या ‘-णार होतो’ची सख्खी बहीण. ‘ईबा आ यामार्ते’ : तुला फोन करणार होतो (आणि बहुधा केला नाही).

प्रश्न : ‘होता’ला दर वेळी ‘एरा’ लिहितो आणि निम्म्या वेळा चुकतो.

उत्तर : कारण मराठीचं एक ‘होतं’ स्पॅनिशमध्ये चार घरांत वाटलं जातं. ओळख, स्वभाव, व्यवसाय, घड्याळाची वेळ यांना ‘एरा’ : ‘एरा मेदिको’, तो डॉक्टर होता. वेळ सांगताना एक वाजला असेल तर ‘एरा ला ऊना’, पुढच्या सगळ्यांना अनेकवचन, ‘एरान लास त्रेस’. वस्तू कुठे होती, माणूस कोणत्या अवस्थेत होता, याला ‘एस्ताबा’. यालाही अपवाद आहे : कार्यक्रम कुठे होता, हे सांगताना पुन्हा ‘एरा’, म्हणजे पुस्तक टेबलावर ‘एस्ताबा’, पण पार्टी त्याच्या घरी ‘एरा’.

नुसतं अस्तित्व असेल, म्हणजे ‘खोलीत तीन माणसं होती’, तर ‘आबीआ’, तेही कायम एकवचनात. ‘आबीआन’ कानावर पडेल, लिहिताना टाळा. वय आणि मालकीला ‘तेनीआ’. ‘मी आठ वर्षांचा होतो’ यात ‘एरा’ लिहिणं ही मराठी विद्यार्थ्याची हमखास चूक. बरोबर वाक्य : ‘तेनीआ ओचो आन्योस.’

प्रश्न : ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच. मग कोण जात होतं, हे कसं कळतं?

उत्तर : संदर्भाने. गोंधळ होणार असेल तर ‘यो’ किंवा ‘एल’ स्पष्ट लिहा. एरवी सर्वनाम गाळायची सवय लागलेली असते, पण इथे ते लिहिलेलं बरं.

प्रश्न : तिरकी रेघ (स्वरावरचा आघात, म्हणजे जोर, दाखवणारी खूण) कोणत्या रूपांवर द्यायची?

उत्तर : ‘एरा’ आणि ‘ईबा’च्या फक्त ‘आम्ही’ रूपावर, पहिल्या स्वरावर, कारण आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो. ‘बेईआ’च्या सहाही रूपांत ‘ई’वर रेघ हवी. ती नसेल तर ‘ई’ आणि ‘आ’ एका दमात मिसळतात आणि आघात मागे सरकून ‘बे’वर जातो. ‘ईबा’ म्हणताना ओठ पूर्ण मिटू नका, तो ‘ब’ आपल्या ‘ब’ आणि ‘व’च्या मधला आहे.