१०० दिवसांच्या कोडिंग चॅलेंजमध्ये रोजचं काम नीट कसं लावून ठेवावं?

गिटहबवर (कोड ऑनलाइन साठवायची साइट) एकच रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं मुख्य फोल्डर) उघडा, रोजचं वेगळं फोल्डर करा आणि त्याच दिवशी कमिट करा, म्हणजे बदल नोंदवून सेव्ह करा. वेगळं ॲप लागत नाही. अलेक्झांडर कॅलवे यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या '१०० डेज ऑफ कोड'चा नियम रोज किमान एक तास कोड लिहायचा असा आहे, आणि लॉगची (रोजच्या नोंदींची) तयार फाइल त्यांची रिपॉझिटरी फोर्क करून, म्हणजे स्वतःच्या खात्यात कॉपी करून, घेता येते. लॉगमध्ये आज काय केलं, कुठे अडलं (एरर जशीच्या तशी चिकटवा) आणि उद्याचं पहिलं काम कोणतं, एवढंच लिहा. शेवटची ओळ कधीच चुकवू नका. तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या कोड सुरू होतो, काय शिकू या विचारात अर्धा तास जात नाही. फोल्डरला '००१-फ्लेक्सबॉक्स' (दिवस आणि विषय) अशी शून्य लावून नावं द्या, नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी दिसू शकतो. मात्र रिॲक्ट किंवा नोडचा (वेब ॲप बनवायची साधनं) मोठा प्रोजेक्ट घेतलात, तर त्याला स्वतंत्र रिपॉझिटरी द्या आणि लॉगमध्ये फक्त लिंक ठेवा.