मागच्या चाकाचा टरटर आवाज मंदावला, तर?

प्रश्न : पावसात भरपूर सायकल चालवली. आता मागच्या चाकाचा टरटर आवाज मंदावलाय आणि मधूनच पॅडल मोकळं फिरतं. फ्रीहबमध्ये (मागच्या चाकाच्या हबवरचा, म्हणजे मधल्या भागावरचा, गिअरची दातेरी चक्रं धरणारा तुकडा) ग्रीस भरू का?

उत्तर : आधी एक विनंती, दुरुस्ती होईपर्यंत पॅडलवर उभं राहू नका. जोर दिला आणि पकड सुटली, तर माणूस थेट हँडलवर आपटतो.

नुसतं ग्रीस कोंबू नका. फ्रीहबमध्ये स्प्रिंगवर उचलले जाणारे छोटे खटके असतात. ते हबच्या आतल्या दात्यांत अडकतात, तेव्हा चाक ओढलं जातं. जुनं ग्रीस चिखल होऊन घट्ट झालं, की खटके उठतच नाहीत. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. जाड नवं ग्रीसही तेच करतं.

बऱ्याच हबचं टोकाचं झाकण काढलं, की फ्रीहब कॅसेटसकट, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचासकट, हातानेच बाहेर येतो. शिमानो कंपनीचे बरेचसे मात्र आतून बोल्टने बसवलेले असतात, ते मेकॅनिककडे द्या. ओढताना खाली कापड पसरा, स्प्रिंग टुणकन उडतात. खटक्यांची दिशा टिपणारा फोटो काढून ठेवा. खटके आणि दाते रॉकेलने घासा, पण बेअरिंगच्या सीलमध्ये रॉकेल जाऊ देऊ नका. सगळं पूर्ण वाळू द्या. मग फ्रीहबसाठीच मिळणारं पातळ ग्रीस, नसेल तर दाटसर तेल, अगदी पुसट लावा. प्रत्येक खटका बोटाने दाबून सोडा, तो चटकन उठलाच पाहिजे. कड गोल झिजली असेल तर खटके बदला.