दूध संस्थेतली नोंद आणि पुढचं शिक्षण

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत संगणकावर संकलनाच्या नोंदी करते. कॉलेजात ‘व्यवस्थापन माहिती प्रणाली’ हा विषय आहे आणि तो मला आवडतो, पण त्यातलं काही खरंच धंद्यात वापरतात का, हे कळत नाही. पुण्यात आयटीत असलेला मामेभाऊ म्हणतो, कोडिंग शिक, नाहीतर जन्मभर डेटा एंट्री करत बसशील. वडील म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. या विषयात पुढे काही आहे का?

उत्तर : आहे, आणि तुझी सुरुवात झालेलीसुद्धा आहे. संस्थेतली एखादी नोंद घे आणि ती कुठे कुठे जाते ते बघ. सभासद किटली ओततो, काटा वजन दाखवतो, अ‍ॅनालायझर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) काढतो, संगणक दरपत्रकातून दर लावतो आणि पावती निघते. तुझं काम तिथे संपतं. ती नोंद मात्र पुढे दहा दिवसांच्या बिलात जाते आणि त्या बिलातून पशुखाद्याची उधारी कापली जाते. अशा सगळ्या नोंदींची बेरीज दूध संघाकडे पोचलेल्या दुधाशी ताडली की घट किती आली ते समजतं. दिवाळीला दरफरक वाटायचा तर वर्षभरात कोणी किती दूध घातलं, हेही तिथूनच काढतात. तू एकदा केलेल्या नोंदीवर सभासद, सचिव, संचालक मंडळ, संघ आणि लेखापरीक्षक आपापले निर्णय घेतात. माहिती प्रणाली म्हणतात ती हीच.

आता थोडं खोलात जा. अ‍ॅनालायझर काट्यासारखाच थेट संगणकाला जोडलेला आहे, की फॅटचा आकडा तू हाताने टाकतेस? हाताने टाकत असशील तर नंतर तो कोणाला बदलता येतो? बदलला तर जुना आकडा कुठे राहतो का? दरपत्रक बदलण्याचा पासवर्ड कोणाकडे आहे? यंत्र वेळेवर धुतलं नाही, त्याची पडताळणी झाली नाही, तर फॅट चुकतं आणि संगणक तो चुकीचा आकडाही तितक्याच स्वच्छ अक्षरात छापून देतो. सभासदाचा संस्थेवरचा विश्वास या प्रश्नांच्या उत्तरांवर उभा असतो. मोठ्या कंपन्यांतही हेच प्रश्न पडतात. म्हणून तर १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे कंपन्यांना हिशेबाचं असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही.

नोंद नसली की काय होतं, हे तुमच्या भागाने पाहिलं. २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं. ते मिळण्यासाठी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, मालकाचं आधार आणि बँक खातं एकमेकांशी जोडलेलं असणं आवश्यक होतं. दूध रोज घातलेलं असलं तरी ही माहिती नीट भरलेली नसेल तर पैसे अडकणार, हे उघड होतं.

परदेशातलं एक उदाहरणही सांगते, कारण या विषयाचे विद्यार्थी ते हमखास अभ्यासतात. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या ऑर्डर यायच्या तोंडावर, नवी संगणक प्रणाली एकदम सुरू केली. त्या हंगामात सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेत पोचल्या नाहीत. चॉकलेट तयार होतं! अडचण अशी की हंगामात गर्दी झाली की माल इकडेतिकडे तात्पुरत्या जागांत ठेवायची तिथे पद्धत होती आणि त्या जागा नव्या प्रणालीत नोंदवलेल्याच नव्हत्या. अशी पद्धत गोदामात काम करणाऱ्या माणसाला माहीत असते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती कोणीतरी जाऊन सांगावी लागते.

ते सांगणाऱ्या माणसाचं काम हेच तुझं करिअर होऊ शकतं. बिझनेस अ‍ॅनालिस्ट किंवा फंक्शनल कन्सल्टंट या नावाने या नोकऱ्या निघतात. धंद्याचा व्यवहार समजून घ्यायचा, तो प्रणालीत कसा बसेल ते ठरवायचं, चाचणी घ्यायची, लोकांना शिकवायचं. कंपन्यांचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॅपसारख्या प्रणालीत हिशेब, खरेदी-साठा, विक्री असे वेगवेगळे भाग (मॉड्यूल) असतात आणि हिशेबाच्या भागाला कॉमर्सचीच माणसं लागतात. यासाठी पुण्यालाच जायला हवं असंही नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत प्रत्येक ओतकामाला हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या त्या खेपेचा क्रमांक, असतो. गिऱ्हाइकाकडून तडा गेलेला एखादा भाग परत आला तर त्या नंबरवरून त्या दिवशीच्या धातूत काय होतं ते शोधता यावं लागतं. ती साखळी नीट ठेवणारा माणूस कारखान्याला हवाच असतो.

दुसरी वाट माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाची. त्यासाठीचं ‘सिसा’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र साधारण पाच वर्षांच्या अनुभवावर मिळतं, शिक्षणानुसार त्यात काही सूट असते. म्हणजे तो पुढचा टप्पा.

शिक्षणाचं म्हणशील तर सिस्टिम्स किंवा बिझनेस अ‍ॅनालिटिक्स हा विषय घेऊन एमबीए कर, असं मी सुचवीन. त्याची सीईटी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. एमसीएला बारावी किंवा पदवीला गणित लागतं का, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घे. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणत सॅपच्या कोर्ससाठी मोठी फी मागणाऱ्या क्लासमध्ये आत्ता पैसे घालू नकोस. व्यवहाराचा अनुभव नसताना नुसतं मॉड्यूल पाठ केलेल्या मुलांना मुलाखतीत पहिल्या चार प्रश्नांतच अडकताना मी पाहिलं आहे आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं.

मामेभाऊ अर्धा बरोबर आहे. एक्सेल उत्तम यायला हवं आणि डेटाबेसमधून माहिती काढण्यापुरतं एसक्यूएल शिकायलाच हवं. दोन्ही घरबसल्या, फुकट शिकता येतं. त्याहून जास्त कोडिंग आवडलं तरच कर. वडिलांना सांग की बँकेची परीक्षा देत राहायला हरकत नाही. बँक म्हणजे तर माहिती प्रणालीवरच चालणारा धंदा, तिथेही तुझा अभ्यास वाया जाणार नाही. फक्त ती एकच वाट धरून तीन-चार वर्षं घालवू नकोस.

परीक्षा झाली की एक काम कर. सचिवांची परवानगी घेऊन तुमच्या संस्थेतल्या नोंदीचा प्रवास एका मोठ्या कागदावर काढ : किटलीपासून बिलापर्यंत, कुठे कोण काय लिहितं, कुठे चूक शिरू शकते, कुठे तेच काम दोनदा होतं. शेवटी तुला सुचतील त्या दोन सुधारणा लिही. एमबीएच्या मुलाखतीला हा कागद घेऊन जा. सभासदांची नावं आणि खाते क्रमांक मात्र त्यावर घेऊ नकोस, नमुन्यापुरते १०१, १०२ असे आकडे टाक.