बीजिंगला येताना श्यांगशंगविषयी

सप्रेम नमस्कार.

चिनी भाषा शिकण्यासाठी आपण दोन वर्षे बीजिंगला येत आहात. देयुनशे या मंडळीचे श्यांगशंगचे, म्हणजे संवादातून विनोद रंगवणाऱ्या चिनी कलेचे, प्रयोग भाषा नीट आल्यावरच पाहावेत का आणि तिकिटे कशी मिळतात, असे आपण विचारले आहे. मी नोकरीनिमित्त बीजिंगजवळच्या थिएनजिन शहरात राहते आणि या कलेवर माझे मनापासून प्रेम आहे. माझे स्पष्ट मत असे की, थांबू नये.

आपल्या तमाशातली बतावणी आपण पाहिली असेल, तर दोघांच्या संवादातून विनोद कसा रंगतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको. रंगमंचावर कापड घातलेले एक टेबल असते. त्यावर घडीचा पंखा, हातरुमाल आणि आपटून आवाज करण्याचा लाकडी ठोकळा एवढेच साहित्य. लांब झगे घातलेल्या दोघांपैकी टेबलाबाहेर उभा असलेला दोउगेन विषय पुढे नेतो, तर टेबलामागचा पंगगेन हुंकार देतो, शंका काढतो आणि नेमक्या क्षणी त्याला अडवतो. नवख्याने आधी पंगगेनकडे कान द्यावा, असे मी आवर्जून सांगेन. त्याची वाक्ये छोटी असतात आणि रोजच्या बोलण्यातलीच असतात, शिवाय समोरच्याने काय म्हटले याचा अंदाजही त्यांवरून येतो. देयुनशेचे संस्थापक ग्वो देगांग यांचे पंगगेन यू च्येन यांचे काम याच दृष्टीने पाहावे. ग्वो देगांग यांच्या धबधब्यासारख्या बोलण्याला ते एखाद्या शब्दाने जो तोल देतात, तो मला या जोडीतला सर्वांत अवघड भाग वाटतो.

ग्वो देगांग मूळचे थिएनजिनचे. १९९५मध्ये त्यांनी बीजिंगमध्ये ही मंडळी उभी केली आणि दूरचित्रवाणीकडे वळलेली ही कला पुन्हा चहाच्या टेबलांसमोर, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे आणली. मात्र मोठ्या नावांसाठी अडून बसू नका. ती छोट्या नाट्यगृहांत क्वचितच दिसतात, आणि तिथली तरुण शिष्यमंडळी जुने पाठ मन लावून सादर करतात. जुन्या पाठांचा आराखडा ठरलेला असतो, हेच आपल्या उपयोगाचे आहे. ‘बाओ त्साय मिंग’ या पाठात पदार्थांच्या नावांची लांबलचक यादी एका लयीत म्हटली जाते. तिची संहिता आधी वाचून, ध्वनिमुद्रण ऐकून गेलात, तर पहिल्याच प्रयोगात आपण इतरांबरोबर टाळ्या वाजवाल. हौ बाओलिन आणि थिएनजिनचे मा सानली या मागच्या पिढीतल्या नामवंत श्यांगशंग कलावंतांची जुनी ध्वनिमुद्रणेही ऐका. मा सानली यांचे संथ, घरगुती बोलणे विद्यार्थ्याला फार सोयीचे पडते.

पेकिंग ऑपेरावरचे विनोद, बीजिंगची बोली आणि इंटरनेटवरचे ताजे शब्द पहिले वर्षभर हुलकावणी देतील, त्याने खचू नका. जोडीदाराच्या वडिलांवरून किंवा बायकोवरून केलेली थट्टा रंगमंचावर रूढ आहे, पण ती वर्गातल्या चिनी मित्रांवर करून पाहू नये.

तिकिटांसाठी पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे नोंदवा आणि प्रयोगाला मूळ पासपोर्ट सोबत ठेवा. त्यासाठी फोनवरील पैसे भरण्याची सोय आल्याबरोबर सुरू करून घ्या, कारण देयुनशेची तिकिटे झटपट संपतात. वेळेवर पोहोचा, सुरुवातीला नवोदित आणि शेवटी ज्येष्ठ असा क्रम असतो, आणि नवोदितांचे स्पष्ट उच्चारच आपल्याला अधिक कळतील. शेवटच्या जोडीने नमस्कार केल्यावर लगेच उठू नका, कारण प्रेक्षकांच्या आग्रहाने ते परत येऊन छोटे तुकडे सादर करतात.

बीजिंगमध्ये तिकीट मिळाले नाही, तर थिएनजिनला या. वेगवान रेल्वेने जेमतेम अर्धा तास लागतो आणि इथल्या जुन्या चहागृहांत श्यांगशंग नियमित होते. इथला प्रेक्षक जाणकार असतो, चुकलेली लय त्याला लगेच कळते, म्हणून मला तर इथेच अधिक आनंद मिळतो. रात्रीचा प्रयोग निवडण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तेवढी पाहून ठेवा.