ओआरएसचं अख्खं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर चालतं का? सासूबाई पेज पाजतात, ती थांबवू का?

नाही चालत. मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाणी हवं, त्याहून कमी नाही. आणि पेज अजिबात थांबवू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी 11 महिन्यांची आहे, कालपासून सहा-सात वेळा पातळ शी झाली आणि सासूबाई "जुन्या वळणाच्या" आहेत. त्या दोन शब्दांमुळे मी हे लिहायला बसले.

मे 2011. आम्ही तासगावजवळच्या एका गावात राहायचो. मुलगा तेरा महिन्यांचा, जुलाब सुरू झालेले. मी एम.एस्सी. केमिस्ट्री, अकरावी-बारावीला मोलॅरिटी, म्हणजे द्रावण किती कडक याचं गणित, शिकवणारी. मेडिकलमधून पाकिटं आणली, एक फोडलं आणि फुलपात्रभर उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळलं. पाकिटाची मागची बाजू वाचली नाही. ओआरएस म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असंच मी धरून चालले होते. चमचा तोंडाला लावला की पोरगं मान फिरवायचं, पण तहान इतकी की पुन्हा तोंड पुढे करायचं. सासूबाईंनी बोट बुडवून चाटून बघितलं. "अगं, मिठागत खारट लागतंय हे. पाणी घाल की जरा." मी म्हणाले, "आई, ते मोजूनमापून केलेलं असतं. आपल्या मनानं पातळ करायचं नसतं." त्या गप्प झाल्या आणि पेज शिजवायला आत गेल्या.

रात्रीपर्यंत अशी दोन पाकिटं पोटात गेली. पोर किरकिर करत होतं, हात लावला तरी किंचाळायचं, जीभ लाकडासारखी कोरडी. पहाटे झटका आला. मिरजेला नेलं. रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला घटक, 161 निघालं, ते 145 च्या आत असायला हवं. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "ओआरएस किती पाण्यात कालवलं होतं?" मी बोटांनी फुलपात्राची उंची दाखवली.

नीट कालवलेल्या ओआरएसमध्ये लिटरला 75 मिलिमोल सोडियम असतं. मी लिटरचं पाकीट फुलपात्रातल्या साधारण 200 मिली पाण्यात कालवून पाचपट कडक पाजलं होतं, 375. हे गणित मी वर्गात फळ्यावर रोज करायचे. रक्तातलं जास्तीचं मीठ पेशींमधलं पाणी ओढून घेतं, मेंदूच्या पेशींमधलंसुद्धा. आणि ते घाईनं खाली आणताही येत नाही, मेंदूला सूज येते. दोन दिवस सलाईन सोडून हळूहळू आणलं. आता तो माझ्याहून उंच आहे.

घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, आईनं पेज पाजली म्हणून दुखणं वाढलं. ह्यांनीही मान डोलावली. डॉक्टर माझ्याशी बोलले तेव्हा हे बिलाच्या रांगेत होते, त्यामुळे खरं काय ते मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी बोलले नाही. त्यानंतर सासूबाई नातवाला नुसतं पाणी द्यायचं तरी मला विचारायच्या, "देऊ का गं?" 2019 मध्ये त्या गेल्या. गेल्या वर्षी एका लग्नात वन्सं पुन्हा तोच पेजेचा किस्सा सांगत होत्या. वन्सं, हे वाचत असाल तर ऐका: पेजेनं काही झालं नव्हतं. चूक माझी होती आणि आईंची जीभ बरोबर होती. जुलाबात किंचित मीठ घातलेली भाताची पेज द्यायला डॉक्टरही सांगतात.

शिकलेल्या घरात मुलाच्या औषधपाण्याचं सगळं माहीत असणार असं सगळेच धरून चालतात, म्हणून कुणी वाचत नाही आणि कुणी विचारत नाही. आमच्या गावच्या आरोग्यसेविका आशाताईनं नंतर लिटरची बाटली घेऊन मला करून दाखवलं. वस्तीवर ती प्रत्येक आईकडून समोर बसून करून घ्यायची. माझ्याकडे आधी का आली नाही, तर म्हणे, "तुम्ही मॅडम आहात म्हणून." 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं. माप ठरलेलं होतं म्हणून ते जमलं.

आता तुमच्या मुलीचं. दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. कालवलेलं 24 तासांनी ओतून टाकायचं. अंगावरचं दूध चालू, जेवण चालू. डॉक्टरांना विचारून झिंक 14 दिवस, शी घट्ट झाली तरी मध्येच सोडू नका. शी थांबवायचं मोठ्यांचं औषध एवढ्या लहान मुलीला कुणी कितीही सांगितलं तरी द्यायचं नाही. दुकानातलं गोड तयार पेयही नको. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांवर "ओआरएस" हा शब्द छापायला मनाई केली, ती उगीच नाही.

हे मी आई म्हणून लिहितेय, डॉक्टर म्हणून नाही. शीत रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मुलगी मलूल किंवा काहीच पीत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी इथे उत्तरांची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पहिल्याच दिवशी दाखवायचं.

पाकिटं दोन मापांची मिळतात, साधारण 21 ग्रॅमचं लिटरसाठी आणि साधारण 4 ग्रॅमचं 200 मिलीसाठी. तुमच्याकडचं कोणतं आहे ते मागची बाजू वाचून सांगा. आणि आज पाजलेलं ग्लासातलंच असेल तर राहिलेलं ओतून द्या आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.