जुन्या रेल्वेमार्गावरच चालण्याची आणि सायकलची सामाईक वाट का करतात?

मुख्य कारण चढ. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून रूळ हळूहळू चढवत नेलेले असतात. आज त्याचा फायदा आजोबांना होतो, तसा नुकती सायकल शिकलेल्या पोरालाही. शिवाय पूल, बोगदे आयते मिळतात आणि जमीन बहुतेक सलग. नाहीतर एकेका मालकाच्या दारी जावं लागतं.

अमेरिकेतली ग्रेट ॲलेगेनी पॅसेज बघा. पिट्सबर्ग ते कंबरलंड, सुमारे २४० किलोमीटर, २०१३ मध्ये पूर्ण झाली. वर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलीय. चाकाखाली ती करकरते. कोळसा-पोलादाचे दिवस सरलेल्या गावांत आता सायकलवाले मुक्कामाला उतरतात, मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मात्र वाटेतला बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो.